रिकाम्या यादीचं उत्तर

आई गेल्यावर बाबा काही लेकीकडे राहायला आले नाहीत. "माझं घर, माझी खुर्ची," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. लेक प्रोग्रामर, आणि हट्टाच्या बाबतीत बापापेक्षा सवाई. सुट्टी काढून ती आली आणि दाराला, नळाला, किटलीच्या प्लगला, पलंगाला सेन्सर चिकटवून मोकळी झाली. कपाटावर एक खोकं ठेवलं. दिवसभराच्या नोंदी ते तिच्याकडे पाठवणार होतं.

"आता मी शिंकलो तरी तुला कळणार का गं, ठमे?"

"शिंक सोडून सगळं कळणार."

पण नोंदींचा तो ढीग रोज वाचत कोण बसणार? तिने एक छोटासा प्रोग्राम लिहिला. त्याची रीत साधी होती. हातात एक उत्तर धरायचं, यादीतली पहिली नोंद घ्यायची, दोन्ही मिळून नवं उत्तर करायचं आणि ते घेऊन पुढच्या नोंदीकडे जायचं. यादी संपली की हातात उरेल ते त्या दिवसाचं उत्तर. नळ वाहत राहिला, दार अवेळी उघडलं, की उत्तराचं 'बघा' व्हायचं आणि मग ते 'बघा'च राहायचं. आता पहिली नोंद घेण्याआधी हातात काहीतरी हवंच. तिथे तिने 'ठीक' ठेवलं. माणूस ठीकच असतो, बिघडलं तर नोंद सांगेल, असा तिचा सरळ हिशेब.

रोज संध्याकाळी फोनवर एकच शब्द यायचा: ठीक. ऑफिसातून भाड्याच्या खोलीत शिरल्यावर ती तो वाचायची, हायसं वाटायचं, आणि कालची भाजी गरम करायला ठेवायची. आधी ती बाबांना रोज फोन करायची. मग दिवसाआड, मग रविवारी. पुढे रविवारही सरकायला लागले. तिला तरी कोण विचारत होतं म्हणा! त्या खोलीत स्वतःचा आवाजसुद्धा तिच्या कानावर पडत नसे. बाबांना सांगण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि बाबा तर ठीकच होते.

एका दुपारी ऑफिसातली टेस्टर तिच्या टेबलाशी आली. लोकांच्या कामात खुसपट काढायचाच तिला पगार होता, आणि ती तो चोख कमवायची.

"हा तुझा गोदामातल्या मालाच्या बेरजेचा प्रोग्राम. यादी रिकामी आली तर काय उत्तर देतो?"

"सुरुवातीला जे ठेवलंय तेच," ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली. "नोंदच नाही म्हटल्यावर..."

बाबांच्या प्रोग्रामात तिने सुरुवातीला 'ठीक' ठेवलं होतं.

तिने बाबांच्या नोंदी उघडल्या. आज काही नाही. काल नाही, परवा नाही. अख्खा आठवडा दार उघडलं नव्हतं, किटली तापली नव्हती, पलंगावर कोणी झोपलं नव्हतं. आणि ती रोज 'ठीक' वाचून भाजी गरम करत होती.

जिन्यात जाऊन तिने फोन लावला. रिंग वाजतच राहिली. नको नको ते सगळं तिच्या मनात येऊन गेलं.

"हॅलो?"

"बाबा!" जीव भांड्यात पडला आणि लगेच पारा चढला. "खोकं कधीपासून बंद पडलंय तुमचं?"

"बंद कुठलं पडतंय! मीच वायर काढली." बोलायची सवय मोडल्यासारखा त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

"का पण?"

"म्हटलं, तिकडे काही पोचेना झालं की ठमी घाबरेल. ओरडायला का होईना, फोन करेल. रोज वाट बघत होतो. इतके दिवस तुला काय दिसत होतं गं तिकडे?"

मशीन बिघडलं होतं म्हणाली असती, तर त्यांनी मुकाट्याने मानलं असतं.

"ठीक," ती म्हणाली. "रोज 'ठीक' दिसत होतं, बाबा. चूक माझीच आहे."

"असं होय. मग ठीकच असेन मी."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. रडू आलं, ते तिने येऊ दिलं.

"आज काय काय केलंत, बाबा? सकाळपासून सांगा. सगळं."

"सगळं? तुला काम नाही का?"

"नाही."

"थांब मग," बाबा म्हणाले. "खुर्ची ओढून घेतो."