कडेकडेनं नेलेली वायर

शेवटच्या साध्या दिवशी, साडेपाचच्या सुमारास मी बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात पोचले तेव्हा ते विणकामाच्या यंत्रातल्या बोर्डावर एक हिरवी वायर बसवत होते. सहाला चष्मेवाल्याकडे वेळ घेतली होती. त्यांना तिथे वेळेवर पोचवण्याचं काम आईनं माझ्यावर सोपवलं होतं, कारण तिचं ते ऐकत नसत.

यंत्र स्वेटरवाल्या मावशींचं, टेबलावर मावेल एवढं. विणताना प्रत्येक फेरीला त्याच्या छोट्या पडद्यावरचा आकडा एकनं वाढायचा, तो वाढेनासा झाला होता. बोर्डावरची तांब्याची एक बारीक रेघ ओलीनं खाल्ली होती. अशा वेळी त्या रेघेच्या दोन टोकांना वरून एक वायर जोडतात, तिला जंपर म्हणतात. या दोन टोकांमधलं अंतर जेमतेम चार बोटं होतं. बाबांनी मात्र वायर बोर्डाच्या कडेकडेनं, तीन बाजूंना वळसा घालून नेली होती. प्रत्येक वळणावर गरम गोंदाचा एकेक थेंब.

"एवढा वळसा कशाला?" मी विचारलं.

"वकीलबाई आल्या," ते मावशींना म्हणाले. "आता उलटतपासणी."

"सांगा की."

"कधीतरी सरळ लावून बघ. मग मला सांगावं लागणार नाही."

मावशी गाडी बघायला रस्त्यावर गेल्या. बाबांनी शेवटचा थेंब टाकला, उघड्या यंत्रावर पाच-सहा फेऱ्या चालवून बघितल्या, आकडा बरोबर पुढे सरकला. मग ते हात धुवायला मागे गेले. यंत्राचे आठ स्क्रू एका कागदावर मांडलेले होते. कागदावर झाकणाची आकृती काढायची आणि ज्या भोकाचा स्क्रू त्याच जागी ठेवायचा, ही त्यांची पद्धत. आणखी एक पद्धत म्हणजे, ज्यानं उघडलं त्यानंच बंद करायचं. झाकण लागल्यावर पुन्हा मोजून वीस फेऱ्या चालवल्याशिवाय काहीही दाराबाहेर जात नसे.

मी घड्याळाकडे बघितलं आणि झाकण लावलं. एका कोपऱ्यात ते किंचित अडलं. मी अंगठ्यानं दाबलं, बसलं. आठही स्क्रू आवळले.

बाबा टॉवेलला हात पुसत बाहेर आले. "लावलंस?" एवढंच म्हणाले. मग, "वीस फेऱ्या..."

"बाबा, सहा वाजतायत."

मावशींची गाडी आली होती. यंत्र गेलं. चष्म्याचा नंबर किंचितच वाढला होता. त्यावरून परतीच्या वाटेत त्यांनी मला बरंच चिडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. अर्धी दाढी झाली होती.

मावशी आल्या त्या पंधरा दिवसांनी. आधी आईजवळ बसून रडल्या, मग खूप आढेवेढे घेऊन म्हणाल्या की बोलणार नव्हते, पण यंत्राचा आकडा घरी नेल्यापासून शून्यावरच बसलाय. मोजणी मनातल्या मनात करून एक स्वेटर विणला तर एक बाही माणसाची निघाली आणि एक माकडाची. गिऱ्हाइकाला सांगितलं, झाडावर चढायला सोयीचा आहे. एरवी आई हसली असती. मावशी यंत्र दुकानात ठेवून गेल्या.

"त्या दिवशीच त्यांचा हात चालत नव्हता," आई म्हणाली. "तीस वर्षांत एक काम परत आलं नाही गं. मला दिसायला हवं होतं. चष्मेवाल्याकडे काय पाठवत बसले मी. डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं."

तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगू लागली. हात चालत नव्हता, मला कळलं नाही. आलेला माणूस म्हणायचा, असं मनाला लावून घेऊ नका. मी चहाचे कप उचलून आत न्यायचे. तो कोपरा कसा अडला होता ते माझ्या अंगठ्याला नीट आठवत होतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी दुकान उघडलं. कागदावर झाकणाची आकृती काढली, स्क्रू जागच्या जागी मांडले. आत बघायला फार वेळ लागला नाही. बाकी सगळे थेंब पक्के होते. शेवटच्या वळणावर मात्र वायर थेंबातून सुटून वर आली होती आणि झाकणाच्या पत्र्याखाली चेपली होती. हिरवं आवरण फाटलेलं, आतली तार चपटी होऊन पत्र्याला टेकलेली, त्यामुळे फेरीची खूण पडद्यापर्यंत पोचतच नव्हती. त्या थेंबात अंगठ्याच्या नखाएवढा खळगा होता. गोंद गार व्हायच्या आत वर झाकण पडलं होतं. कुठला थेंब अजून ओला आहे हे ज्यानं टाकला त्यालाच ठाऊक असतं. उघडणाऱ्यानंच बंद का करायचं, ते मला तेव्हा कळलं.

सोल्डरिंग बाबांनी मला शाळेत असतानाच शिकवलं होतं. चेपलेली वायर काढली, दोन्ही टोकं साफ केली. पुन्हा तशीच वळसा घालून लावायची, एवढंच काम होतं. पण सरळ लावून बघ, असं ते म्हणाले होते. मी चार बोटांची वायर कापली आणि सरळ लावली.

दिसायला फार छान दिसत होती. हातानं दहा फेऱ्या फिरवल्या, आकडा दहा. मग मोटर सुरू केली आणि मोठ्यानं मोजत वीस फेऱ्या होऊ दिल्या. आकडा तेवीस. पुन्हा केलं, सव्वीस. मला वाटलं, माझंच मोजायला चुकतंय. मग फळ्यावरचा खडू घेतला आणि प्रत्येक फेरीला टेबलावर एक रेघ मारली. वीस रेघा, आकडा चोवीस.

हातानं फिरवलं तर बरोबर, मोटरवर चूक. म्हणजे मोटर चालू असताना काहीतरी होत होतं. मी बोर्डाला कान लावला. मोटरची गती बदलली की एक चौकोनी काळा डबा, रिले, टकटक करत होता. माझी सरळ वायर नेमकी त्याच्या खांद्यावरून गेली होती. बाबांच्या जुन्या ब्रशचा लाकडी दांडा घेऊन चालू यंत्रात ती वायर हळूच वर उचलली. वीस फेऱ्या, आकडा वीस. सोडली, बावीस. उचलली, वीस. रिलेची प्रत्येक टकटक वायरीत शिरत होती आणि बिचारं यंत्र ती फेरी म्हणून मोजत होतं.

हे मी किती वेळा केलं कोण जाणे. टेबल खडूनं पांढरं झालं. "अहो बाबा, हे बघा," असं म्हणायला मी मागे वळले. मागे बेसिन होतं आणि खिळ्याला टॉवेल.

मग सरळ वायर काढली. लांब वायर घेतली, रिलेपासून दूर, कडेकडेनं नेली, वळणावर थोडी ढील ठेवली. थेंब टाकले. शेवटचा थेंब टाकून हात बाजूला घेतले आणि बसून राहिले. दहा मिनिटांनी ब्रशच्या दांड्यानं टोचून बघितलं, पक्का झाला होता. तेव्हा झाकण ठेवलं. ते कुठेही अडलं नाही.

दुपारी आई डबा घेऊन आली. तिला स्टुलावर बसवलं आणि मोजायला सांगितलं. यंत्र चालू केलं. ती बोटांच्या पेरांवर मोजत होती, ओठ हलत होते. तिचं वीस आणि पडद्यावरचं वीस एकदमच आलं.

"तुला जमलं," आई म्हणाली. तिनं यंत्राच्या झाकणावरून हात फिरवला. "आणि त्यांना, एवढं साधं काम... बघ ना, किती थकले असतील त्या दिवशी. आणि मला कळलं नाही."

मी बटण बंद केलं. यंत्राचा आवाज थांबेपर्यंत थांबले.

"आई, त्यांचं काम चोख होतं. हात अजिबात थकला नव्हता. ते हात धुवायला गेले आणि झाकण मी लावलं. गोंद ओला होता, झाकण अडलं होतं, तरी मी दाबलं. त्यांना वीस फेऱ्या बघायच्या होत्या, त्याही मी बघू दिल्या नाहीत."