२१४ नंबरच्या गाईचा घास

माझं काम गाईसारखं चरण्याचं आहे. फक्त गिळायचं नाही. २१४ नंबरची गाय घास घेते. मी तिच्या नाकाशेजारी वाकून तेच गवत, त्याच उंचीवर, चिमटीनं खुडतो आणि कागदी पिशवीत टाकतो. वीस मिनिटं सकाळी, वीस मिनिटं उन्हं कलल्यावर. पिशवी भट्टीत वाळते, दळली जाते, ताकुआरेम्बोच्या प्रयोगशाळेत जाते, आणि मग कळतं की उन्हाळ्यात आमच्या माळावर गाय किती प्रथिनं वेचून खाते. गाईला विचारून उपयोग नसतो.

अट एकच. गाईनं आपली दखल घेता कामा नये. माणूस बघून तिनं चरणं बदललं की आकडे बाद.

नोव्हेंबरात ती मला पाहून पळायची. डिसेंबरात टक लावून बघायची. जानेवारीतल्या एका मंगळवारी तिनं माझ्या बुटांवर मुतून मागं वळूनही पाहिलं नाही. आमच्या प्रमुख, इंजिनिअर ओलाइसोलाबाई, हे दुरून बघत होत्या. त्यांनी येऊन माझा हात हातात घेतला.

"अभिनंदन, दार्दो. आता तू नाहीस."

कामाबद्दल माझं झालेलं हे पहिलं कौतुक.

बाकीच्या तीन गाईंवर नेमलेली पोरं शुक्रवारी संध्याकाळच्या बसनं घरी जातात. मी जात नाही. माझं घर म्हणजे बहिणीचा सोफा, आणि त्यावर आता तिचा नवरा झोपतो. का, ते मी विचारलेलं नाही. त्यामुळं शनिवार-रविवारीही मी थर्मास काखेत घेऊन २१४ कडे जायचो. दोन दिवसांत गाईची सवय मोडते नि पुन्हा लावावी लागते, असं मी बाईंना सांगितलं होतं. बाईंनी मान डोलावली. शास्त्रात असं सांगितलं की लोक मान डोलावतात.

माळावर आवाज असा नव्हताच. तिचं कचकच खाणं, नि माझं बोलणं. मी तिला सोफ्याचंही सांगितलं.

आमच्याकडं फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा, त्यात पाऊस दडी मारून बसला. बाकीच्या गाईंच्या गवतात सात टक्के प्रथिनं निघाली. २१४ च्या पिशवीत बारा.

"बारा!" बाई खुर्चीतून उठल्याच. "ही गाय हुशार आहे, दार्दो. करपलेल्या माळातनं कोवळं तेवढंच वेचते. गुरुवारी राजधानीत, मोंतेविदेओला मांडते मी हे. पुढच्या उन्हाळ्यालाही हीच जोडी ठेवायची."

घोड्यावरून कुंपणं बघत फिरणारे बाल्बिनोकाका दारातच उभे होते.

"बारा टक्के? माझी बायको मला तेवढं घालत नाही," ते म्हणाले. "मग माझ्या अकरा गाईंना यंदा पेंड नको म्हणायची की. खातील वेचून. त्यांनाही अक्कल आहेच."

"वेचतील," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर काकांनी मला कोपरखळी मारली. "पण तुझी गाय भलतीच प्रेमळ हं पोरा. कुत्र्यासारखी तुझ्या मागं फिरते. लग्नाला बोलव."

"मी तिच्या मागं फिरतो, काका."

"असं होय? मग माझे डोळे गेले."

त्या दुपारी मी पिशवी न घेता गेलो. २१४ हिरव्या पट्ट्यात उभी होती. मी तिला ओलांडून दहा पावलं पुढं गेलो, वाळून तारेसारख्या झालेल्या गवताशी वाकलो आणि खुडू लागलो. ती हिरवं सोडून आली. माझ्या हाताशेजारी तोंड घालून तिनं ती तार चावली. चेहऱ्यावरून आवडलेलं दिसत नव्हतं. मी काटेरी झुडपाकडं गेलो. ती तिकडंही आली.

मग मला आठवलं, की कित्येक आठवडे मी तिच्या आधीच हात घालत होतो. तिची आवड आपल्याला पाठ झाली, असं मला वाटत होतं. बारा टक्के प्रथिनं माझी होती. आणि या माळावर कुणीतरी मी काय करतो ते रोज बघत होतं.

गप्प बसलो असतो तर पुढचा उन्हाळाही आमचाच होता. मी तिच्या कपाळावरचा पांढरा भाग खाजवला. अकरा गाई, पेंड नाही, पाऊस नाही. हिशेब अवघड नव्हता, म्हणूनच मी तो तासभर करत बसलो.

"बाई, ते गवत मी निवडलंय," संध्याकाळी मी सांगून टाकलं.

"म्हणजे?"

"गाय माझं बघून खाते."

बाईंनी 'माते'च्या कडू चहाची नळी तोंडातून काढली. "मग ते बारा?"

"माझे."

"तू खाल्लंस?"

"नाही. एकदा चव घेतली."

त्यांनी तक्त्यावर आडवी रेघ मारली. रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग खिडकीतून ओरडल्या, "बाल्बिनो! पेंड घाला गाईंना!"

"आता हो का? मघाशीच अक्कल होती त्यांना!"

"नाहीये!"

माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "तिला कळपात सोड. तुझ्याकडं बघणं थांबलं, की दुसरं कुणी घेईल तिला."

"आणि ते थांबवायचं कसं?"

"नसल्यासारखा राहा. तुला येतं ते."

दुसऱ्या दिवशी नव्या गाईकडं जाताना मला कळपाच्या कुंपणाजवळूनच जावं लागलं. २१४ नं मान वर केली. तीनशे लाल गाई, पण मान एकीनंच वर केली. तारेपाशी येऊन तिनं माझ्या बुटांजवळच्या जमिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी दोन्ही हात खिशात घातले आणि आभाळाकडं बघत राहिलो. आभाळात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

बराच वेळ ती उभी होती. मग कळप हलला, आणि घास तुटल्याचा आवाज आला. कुठल्या गवताचा, ते मी पाहिलं नाही.