मधल्या बोटावरून आलेला पाहुणा

मी कातडीचा एक जुना तुकडा आहे. मित्रांनो, माझा जन्म स्तामेना नावाच्या विणकरणीच्या मधल्या बोटाच्या पाठीवर झाला. तिथे मला काम असे नव्हतेच. बोटांच्या पोटाकडची कातडी दिवसभर मागावर लोकरीचे धागे चाचपायची आणि मी आपला पिरोत गावचे ऊन खात बसायचो.

एकदा हिवाळ्यासाठी कोबी खारवायचे काम चालले होते. किसणीच्या पात्यावर तिच्या तर्जनीचे टोक उडाले. सासूबाई वुकोसावा धावल्या. त्यांनी ते टोक उचलून बरणीतल्या रकियात, म्हणजे घरच्या आलुबुखाऱ्याच्या दारूत, बुडवले.

"रकियात काही नासत नाही, पोरी!"

इस्पितळात डॉक्टरांनी बरणी उजेडात धरली. "आजी, बोटाचं लोणचं घातलंत की! दारूनं हे मेलं. आता नाही जोडता येणार."

"माझ्यामुळंच!" म्हणत वुकोसावांनी धरलेला सुनेचा हात सोडला.

"मला धागाच कळला नाही, तर मी विणू कशी?" स्तामेनाने विचारले.

मग डॉक्टरांनी मला निवडले. तीन बाजूंनी सोडवून, पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटून मला शेजारच्या तर्जनीवर शिवले. चौथी बाजू तशीच ठेवली, कारण माझे रक्त तिथूनच येत होते. तीन आठवडे दोन्ही बोटे एकमेकांना जखडलेली. जुन्या घरचे जेवत मी नव्या घरी मूळ धरले. मग ती चौथी बाजूही कापली. माझ्या जुन्या जागी मांडीवरची पातळ कातडी आली.

पण मी बधिर होतो. कॉफीच्या गरम भांड्याला टेकलो, फोड आला, तरी मला पत्ता नाही. माझ्यावरचे दोन केसही सोबत आले होते.

"अगं, तुझ्या बोटाला मिशा फुटल्या!" शेजारीण म्हणाली. स्तामेना हसली. मी मात्र लाजलो.

रोज डोळे मिटून ती मला शिकवायची. हा घेवडा, ही लोकर, हे बटण. महिने गेले. वुकोसावा लांबूनच बघायच्या. त्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या या हाताला स्पर्श केला नव्हता.

एका सकाळी मिटल्या डोळ्यांच्या स्तामेनापुढे त्यांनी हळूच आपले बोट धरले.

"ओळख."

मी चाचपले. खरखरीत. आणि आणखी काहीतरी.

"आई, किती गार पडलाय हात! चुलीपाशी बसा बघू."

"गार? गार कळलं तुला?" असे म्हणत वुकोसावांनी तो हात दोन्ही हातांत घेतला. चुलीकडे कोणीच गेले नाही.

मित्रांनो, आता धागा जाड की बारीक, हे मागावर मीच सांगतो. कुणाचे बोट तुटलेच, तर तुकडा स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा, पिशवीत घाला, पिशवी बर्फावर ठेवा आणि इस्पितळ गाठा. आणि कुणाच्या बोटाला मिशा दिसल्या, तर खुशाल हसा. पण तो हात हातात घ्या.