गोळी लागू पडली तेव्हा

पेटीवाल्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी काहीतरी चोळत बसायची, जणू न दिसणारी जपमाळ ओढताहेत. "देव माझ्याकडून फुकटात जप करून घेतोय," म्हणत त्याने ते आधी हसण्यावारी नेलं. मग हातातली कानस थरथरू लागली आणि हसू मावळलं.

बाजाच्या पेटीचा सूर पितळेच्या पातळ पत्तीत असतो. टोकाला घासली की चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि हात जरा चुकला की पत्ती वाया. लग्न झाल्यापासून बायको भाता मारी, तो कान लावून घाशी. दोघांत बोलणं बेताचं, पण भात्यावर दुसरं कुणी बसल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन आहे, अगदी सुरुवातीचा. गोळी थोडीथोडी वाढवत न्यायची. "काकू, मळमळेल, झोप येईल, उठताना चक्कर येईल. पोटात काहीतरी असल्याशिवाय देऊ नका. आणि एखादं नवीन वेड लागलं, खरेदीचं, जुगाराचं, कसलंही, तर लपवू नका."

"जुगार? यांना पत्त्यांतला राजा आणि गुलाम ओळखू येत नाही," ती म्हणाली.

सुरुवातीचे आठवडे ओकाऱ्यांत गेले. ती गोळीआधी बिस्किट भरवी, त्याला पलंगाच्या काठावर जरा बसवून मगच उठवी, दुपारी तो कारखान्यात डुलकी घेऊ लागला की हातातली कानस काढून घेई. दमणूक फार झाली. पण खरं सांगायचं, तर ती मनातून सुखात होती. एवढा आपला तो कधीच नव्हता.

मग गोळी लागू पडली. बोटं थांबली, पावलं उचलून पडू लागली. आणि तो रोज दाढी करून, हत्यारांची पिशवी घेऊन गाण्याच्या बाईंकडे जाऊ लागला. त्यांची पेटी जड, तिथेच बसून लावायची म्हणे. जेवण झाकून ठेवावं लागे.

"वहिनी," नणंद पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "दादाचा हात थांबला ते बरंच झालं. पण आता पाय त्या दारातून निघत नाहीत, त्यावर आहे का गोळी?"

"तुम्ही पोळी बघा, करपतेय."

संध्याकाळी तिने सहज विचारावं तसं विचारलं, "भात्यावर कोण बसतं तिकडे?"

"त्याच बसतात," तो म्हणाला. चार शब्द जास्त बोलला असता तर इतकं लागलं नसतं.

मत्सर घरात शिरताना चपला काढून शिरतो, पाऊल वाजत नाही. तिला बाईंचा गळा आठवे, मोकळे केस आठवत. पथ्य मी सांभाळलं, ओकारी मी पुसली, आणि बरा झालेला माणूस नेला दुसरीने. गोळीची डबी उघडताना तिच्या मनात येई, आज विसरावं. विसरली मात्र कधी नाही. तपासणीची तारीख जवळ आली. तिथे हे बोलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं. नवऱ्याची भानगड काय डॉक्टरला सांगायची?

आदल्या दिवशी मात्र राहवेना. ती सरळ बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

बाईंनीच दार उघडलं. "आलात ते फार बरं केलंत," त्या हळूच म्हणाल्या. "यांना घरी न्या हो. पेटी पहिल्याच दिवशी सुरात आली होती. रोज पुन्हा खोलतात. मी नको म्हटलं की डोळ्यांत पाणी आणतात. माझ्या शिकवणीच्या मुली पेटीवाचून टाळ्यांवर गातायत."

आत जमिनीवर कापड अंथरलेलं, त्यावर सगळ्या पत्त्या ओळीने मांडलेल्या. तो एक उचली, पुशी, परत ठेवी, पुन्हा तीच उचली.

"अहो," तिने हाक मारली.

"एक जरा उतरलीय," तो म्हणाला. वर बघितलंही नाही.

त्या नजरेत बाई नव्हत्या. तीही नव्हती. पितळेच्या तुकड्यांचा हेवा वाटावा, ही वेळ तिच्यावर आली होती. आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं, डॉक्टर म्हणाले होते ते 'कसलंही' वेड म्हणजे हेच. आपण लाज राखत बसलो आणि माणूस गोळीपायी नादाला लागला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो म्हणाला, "छान आहे. नवीन काही नाही."

"आहे," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. "इतक्या दिवसांनी हात चालला माझा. तुला माझं बरं झालेलं बघवत नाही."

"नाही बघवत. मला विसरून बरं व्हायचं असेल, तर नाही बघवत."

डॉक्टरांनी समजावलं. हे त्यांच्या स्वभावाचं नाही, औषधाचं आहे. गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवायची, जोडीला दुसरी सुरू करायची. मधल्या काळात हात थोडा हलेल, मन खट्टू होईल. सांभाळून घ्या.

घरी येताना तो पुढे निघाला. ती अर्धं पाऊल मागे चालत राहिली. त्याचा हात पुन्हा कापू लागला, तर ते आपल्यामुळेच, हे तिला ठाऊक होतं. वळणावर तो थांबला.

"तो डॉक्टर सगळा वेळ तुझ्याकडेच बघून बोलत होता."

"मग?"

"मग काय? पेशंट मी की तू? मी काय तिथली खुर्ची होतो?"

तिने पदर तोंडाला लावला. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं होतं. "तरुण आहे, दिसायलाही बरा आहे," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी बहिणीला घेऊन जाईन," तो गुरगुरला आणि ती बरोबरीला येईपर्यंत थांबून राहिला.