ताईच्या चहाची साक्ष

कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळ्या बाया ताईच म्हणत. तिची सख्खी धाकटी बहीण समोरच्याच टेबलावर कापड कापायची आणि दिवसातून पन्नासदा "ताई" अशी हाक मारायची, तीच सगळ्यांच्या तोंडी बसली. कापडाची तूस हवेत इतकी, की दुपारपर्यंत पापण्या पांढऱ्या व्हायच्या. सगळ्याच खोकायच्या, पण धाकटी सगळ्यांत जास्त.

ताई पहाटे उठून चहा करायची. ठेचलेलं आलं, चार मिरी, दालचिनीचा तुकडा, ज्येष्ठमध, मूठभर गवती चहा; पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं आणि थर्मासमध्ये भरून आणायचं. धाकटी पेला रिकामा करून म्हणायची, "बरं वाटतं गं." तेवढ्यावर ताईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पण चहाने तूस थोडीच थांबते? बायांनी हवा बाहेर ओढणाऱ्या पंख्यासाठी सरकारी कचेरीत अर्ज केला. पहिली सही ताईचीच होती. तपासनीस येणार असं कळलं आणि मॅनेजरला अचानक या चहाची गोडी लागली.

"काकू, काय हाताला गुण आहे तुमच्या! डॉक्टर झक मारतील!"

त्याने कोपऱ्यात शेगडी दिली, मोठं पातेलं दिलं, वर 'आरोग्य कोपरा' अशी पाटी ठोकली. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला काही शिडी लागत नाही. ताई चढली.

तपासनीस आला. मॅनेजरने आधी त्याला चहा पाजला आणि ताईला पुढे केलं.

"छान आहे हो बाई. गुण येतो का याने?"

आता बघा, तीस वर्षांच्या संसारात तिला असं कुणी विचारलं नव्हतं. नवरा तर पेला खाली ठेवून निघून जायचा. तिला राहवलं नाही.

"येतो म्हणजे? अहो, खोकला पळाला सगळ्यांचा! माझी बहीणच बघा ना. रात्र रात्र बसून काढायची. आता कशी ठणठणीत आहे!"

तपासनिसाने धाकटीकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटून होकाराची मान हलवली. डोळ्यांत मात्र पाणी होतं. त्याने वहीत लिहून घेतलं आणि तो गेला.

आठवड्याने फलकावर पत्र लागलं. कामगारांच्याच सांगण्यानुसार खोकल्याची तक्रार उरलेली नाही, सबब पंख्याची गरज दिसत नाही.

"काकू, उद्यापासून दोनदा करा चहा," मॅनेजर म्हणाला.

बायांनी ताईशी बोलणं टाकलं. काजं करणारी तेवढी जाता जाता म्हणाली, "हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी."

सुट्टी झाल्यावर ताईने बहिणीला जिन्यात गाठलं. "तू तरी बोलायचंस! रोज म्हणायचीस ना, बरं वाटतं म्हणून?"

"गरम प्यायल्यावर घटकाभर कुणालाही बरं वाटतं, ताई. तू पहाटे उठून करायचीस. नाही कसं म्हणू?"

"अगं, पण त्या दिवशी तरी? नुसती मान का हलवलीस?"

धाकटी कठड्याला धरून दम घेत उभी राहिली.

"तोंड उघडलं असतं तर खोकला आला असता. तू खोटी पडली असतीस चार लोकांत."