खिडकीवरचे हँडल

मित्रांनो, मी एक जुनी चारचाकी आहे. माझा रंग एकेकाळी निळा होता. आता तो कोणता आहे यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. माझ्या काचा अजून हाताने फिरवून वर-खाली कराव्या लागतात. आणि पुढच्या सीटजवळ, खिडकीच्या वर, स्क्रूची दोन रिकामी भोके आहेत. गिऱ्हाईक आले की आधी त्या भोकांकडे बोट दाखवते. त्यांचीच गोष्ट आज सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी आरशासारखी चकचकीत होते. मला एका शिंप्याने घेतले. त्याने ना इंजिनाची चौकशी केली, ना वेगाची. दार उघडून तो आत बसला, उतरला, पुन्हा बसला. कापड पारखावे तसे सीटचे कव्हर दोन बोटांत धरून पाहिले आणि म्हणाला, "ही अंगाला बसते." तेव्हा मला भारी अभिमान वाटला.

मग कामाची वर्षे आली. कापडाचे तागे, इस्त्री केलेले कोट, मांडीवर नवरीचा पोशाख सांभाळत बसलेली शिंप्याची बायको, सगळ्यांना मी वाहून नेले. त्यांचा मुलगा माझ्यावरच गाडी शिकला आणि फाटकाच्या खांबाला मला घासून बसला. तो ओरखडा अजून आहे. "हिने कधी दगा दिला नाही हं," असे शेजारी म्हणत, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखे करी.

दिवस गेले. शिंप्याची बायको वारली, दुकान बंद झाले, शिंप्याचे आजोबा झाले. एका आजारपणानंतर त्यांचा एक पाय गुडघ्यात वाकेनासा झाला. तेव्हापासून आमची एक पद्धत ठरून गेली. सीट अगदी मागे सरकवायची, आधी पाठ आत न्यायची, खिडकीवरचे हँडल घट्ट धरायचे आणि मग पाय ओढून घ्यायचा. दर रविवारी मुलगा त्यांना असे बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे नेत असे. आक्का आता घराबाहेर पडत नव्हत्या. भावा-बहिणीची गाठ पडायची ती एवढीच, आणि आजोबा आठवडाभर तिची वाट पाहत.

अशात नवी गाडी घ्यायचे ठरले आणि घरात ज्याला त्याला मत फुटले. नातीला सनरूफ हवे होते. मुलाला टीव्हीएवढा पडदा हवा होता. सुनेला मागचे दाखवणारा कॅमेरा हवा होता. "मायलेज बघा, बाकी सगळे नखरे," असे शेजारी फाटकातूनच सांगून गेले. माझे मत कोणी विचारले नाही, तरी सांगते. एअरबॅगबद्दल माझी काही तक्रार नाही; त्या माझ्यात असत्या तर मीच जास्त निर्धास्त राहिले असते. कॅमेराही चांगला, तो खांब चुकला असता. पण पंखा कमी करायला पडद्यावर बोटे नाचवायची, ही कसली सोय? माझे बटण न बघता हाताला सापडते.

दर सुट्टीला सगळे शोरूम पालथी घालत. आजोबांना मात्र घरी ठेवत. "उगाच बाबांना कशाला दगदग?" मुलगा म्हणायचा. हे तो मायेने म्हणत होता, म्हणून मला धड रागावताही येईना.

शेवटी एक पांढरीशुभ्र, उंच गाडी पसंत पडली. शोरूमचा माणूस ती चक्कर मारायला म्हणून दारात घेऊन आला आणि नेमकी माझ्या शेजारी उभी केली.

"बाबा, बसून तर बघा!"

आजोबा पाठ टेकवायला गेले, तर सीट कमरेच्या वर. हात वर नेला, तर तिथे नुसते गुळगुळीत छत. पाय दारात अडकला आणि सगळे धरायला धावले. आजोबा हसले. "छान आहे रे गाडी. तुम्ही या जाऊन. मला हल्ली बाहेर पडायचा कंटाळाच येतो."

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्यासमोर खोटे बोलले.

मुलगा आणि नात चक्कर मारायला गेले. सून माझी डिकी रिकामी करायला मागे थांबली. आजोबा सवयीने माझ्यात येऊन बसले आणि त्यांनी फोन लावला. "आक्का, नवी गाडी येतेय बरं का. हो, मोठी आहे. अगं, पण रविवारचं आता जमेलसं वाटत नाही. नाही गं, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर बोलत जाऊ की." फोन ठेवल्यावरही ते हँडल धरून बसून राहिले. मला फार वाईट वाटले. डिकीतली खुडबुड केव्हाच थांबली होती.

मुलगा परत आला तशी सून म्हणाली, "ही गाडी नको."

"अगं, सगळं ठरलंय आता!"

"बाबांना विचारलं का कुणी? जन्मभर त्यांनी लोकांची मापं घेतली, आणि आपण त्यांचं माप न घेताच गाडी पसंत केली. आत्ता आक्कांना सांगत होते, रविवारी यायला जमणार नाही म्हणून."

मुलाचा चेहरा उतरला. तो माझ्या दाराशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "चुकलंच बाबा."

पुढच्या सुट्टीला आजोबा माझ्यात बसून शोरूमला आले. शोरूमचे दार उघडेच होते, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते. "आजोबा, हिला सनरूफ आहे," विक्रेता उत्साहाने म्हणाला. "मला वर जायची घाई नाही रे बाबा, आधी आत तर जाऊ दे," आजोबा म्हणाले. नात सगळ्यांत जास्त हसली आणि तिनेच त्यांना पुढच्या गाडीकडे नेले. बऱ्याच गाड्यांत बसून-उतरून एक बेताच्या उंचीची, रुंद दाराची साधी गाडी ठरली. सुनेचा कॅमेरा तिच्यात होता, सनरूफ नव्हते. हँडलही नव्हते. मग आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने माझे हँडल काढले आणि नव्या गाडीच्या छताच्या आत पट्टी टाकून तिथे पक्के बसवले. आजोबांनी त्याला लोंबकळून खात्री केली. जाताना माझ्या टपावर थोपटून म्हणाले, "येतो गं."

आता मी जुन्या गाड्यांच्या बाजारात रस्त्याकडेला उभी आहे. अंगावर धूळ बसते, लोक टायरला लाथ मारून बघतात. मित्रांनो, गाडी जरूर घ्या, हौसेने घ्या. फक्त तिच्यात चढताना ज्याला सगळ्यांत जास्त त्रास होणार आहे, त्याला आधी बसवून बघा.

हा रस्ता आक्कांच्या घराकडे जातो. रविवारी ती साधी गाडी माझ्यासमोरून गेली. आजोबा नातीशी बोलण्यात इतके गुंग होते, की त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. थोडे लागले मनाला, खोटे कशाला बोलू? पण त्यांचा हात वर होता आणि मुठीत माझे हँडल होते.