कढई इकडे, पोळपाट तिकडे

नाताळला चार दिवस उरले होते आणि सालोमीबाईंच्या करंज्या कढईत फुटत होत्या. एखाददुसरी नव्हे, घाण्यातल्या निम्म्या. खोबरं तेलात सुटलं, रवा करपला, तेल काळं पडलं. सालोमीबाईंनी आधी रव्याला नावं ठेवली, मग तुपाला, मग वाण्याला, आणि नावं ठेवायला कोणी उरलं नाही तेव्हा सुनेच्या हाताला. सून एस्तेर करंजीची कड मुरडत होती. जो हात हवा होता तो आज घरात नाही, हे तिला ठाऊक होतं.

तो हात पुतळाबाईचा. कर्जतच्या रेल्वे क्वार्टरांसमोर, गल्ली ओलांडली की शेतकऱ्यांची घरं, त्यातलं पहिलं तिचं. सालोमीबाईंचे यजमान लोकोशेडात फिटर म्हणून इथं आले त्याला अठरा वर्षं झाली, आणि अठराही नाताळांना पुतळाबाई सकाळीच येऊन पोळपाट पुढ्यात ओढायची. तिने मुरड घातलेली करंजी तेलात कधी तोंड उघडत नसे. दोघींची तोंडं मात्र दिवसभर मिटत नसत.

यंदा भाताच्या आवणीच्या दिवसांत पुतळाबाईचा मुलगा सदू गेला. शेतात पान लागलं. साप कोणाला दिसलासुद्धा नाही. पंचविशीचा पोरगा. दिवाळीला त्या घरात कढई चढली नाही. वर्षभर तळण करायचं नाही, ही त्यांची रीत. सालोमीबाईंना ती माहीत होती, म्हणूनच त्यांनी यंदा तिला बोलावलं नाही. दुसऱ्याची रीत आपण किती जाणून पाळतो, याचा त्यांना थोडा अभिमानच वाटत होता. तसा अभिमान त्यांना पुष्कळ गोष्टींचा होता.

तिसरा घाणाही फुटला तेव्हा एस्तेरने हातातली करंजी खाली ठेवली.

"आत्याबाई, परवा नळावर पुतळामावशी भेटल्या. मला बघून अर्धाच हंडा उचलून चालायला लागल्या. म्हणाल्या, तुमचा सण आलाय, माजी सावली कशाला."

सालोमीबाईंनी झारा आपटला. या घरात सावल्या कधीपासून मोजायला लागले, असं त्यांनी विचारलं. एस्तेरने शांतपणे सांगितलं, की सदू गेल्यापासून गावात मावशींना कोणी हळदीला बोलावत नाही, बारशाला नाही, समोर आल्या तर बायका वाट बदलतात. आता नाताळलाही बोलावणं आलं नाही, तेव्हा त्यांनी काय समजायचं? आपल्यात तर असलं काही पाळत नाहीत.

सालोमीबाईंनी आपटलेला झारा उचलून कढईच्या कडेला ठेवला.

पाळकसाहेब दर नाताळात प्रभूच्या आईला जागा नाकारणाऱ्या बेथलेहेमच्या धर्मशाळेची गोष्ट सांगत, आणि दर वर्षी सालोमीबाई पहिल्या रांगेतून त्या धर्मशाळेवाल्याचा उद्धार करत. हळूच, पण मागच्या दोन रांगांना ऐकू जाईल इतक्या हळूच. अवघडलेल्या बाईला मेल्याला एक पडवी देववली नाही. आज कढईसमोर बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, तोही असंच म्हणाला असेल की एवढ्या गर्दीत बिचारीला त्रास कशाला. आणि वर स्वतःला शहाणा समजला असेल.

"प्रभू," त्या पुटपुटल्या, "हे मला रवा भिजवायच्या आधी दाखवलं असतंस तर काही बिघडलं असतं का?"

कढई उतरवून त्या गल्ली ओलांडून गेल्या. पुतळाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. सालोमीबाई न विचारता शेजारी बसल्या. चूक झाली हे शब्द त्यांनी आजवर फक्त प्रार्थनेत उच्चारले होते, तेही डोळे मिटून. आता डोळे उघडे ठेवून म्हणावे लागले.

"माझं चुकलं गं पुतळाबाय. तुझ्या घरी तळण चालत नाही म्हणून नाही बोलावलं."

"ते खरंच हाय. भावकीला कळलं तर ऐकवतील. मी आलेच नसते."

"मग रुसलीस कशाला?"

"बोलवायचं तर होतंस," पुतळाबाई म्हणाली. "मी नाय म्हणले असते. पण मला नाय म्हणायला तरी कोण इचारतं आता?"

मग ती रडली. सदू दर नाताळला खिडकीतून हात घालून गरम करंजी पळवायचा, ते तिला आठवलं आणि सालोमीबाईंनाही आठवलं. सुपातले खडे वेचत सालोमीबाई बसून राहिल्या, डोळ्यांना पदर लावत. खड्यांबरोबर बरेच तांदूळही अंगणात गेले.

रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "कढईला बंदी आहे. पोळपाटाला आहे का?"

पुतळाबाई विचारात पडली. पोळपाटाचं कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने आतल्या नवऱ्याला, येसाजीला, हाक मारली. त्यानेही डोकं खाजवलं आणि म्हणाला, चुलीवर कायच चढत नाय, मग भावकी काय बोलंल?

अर्ध्या तासात रव्याची परात, सारणाचा डबा आणि पोळपाट गल्लीपलीकडे गेले. लाटणं आणि मुरडणं पुतळाबाईच्या ओट्यावर, तळण सालोमीबाईंच्या चुलीवर. एस्तेर ओल्या फडक्याखाली करंज्यांची सुपं घेऊन ये-जा करू लागली. येणारे-जाणारे थांबून बघत. दोन शेजारणींनी नाकं मुरडली. सालोमीबाईंनी दारातूनच त्यांना काय ते ऐकवलं, तेव्हा त्या वाटेला लागल्या. तिसरी मात्र स्वतःचं लाटणं घेऊन ओट्यावर चढली.

नव्या तेलात एकही करंजी फुटली नाही. पहिलं ताट सालोमीबाईंनी त्याच ओट्यावर पाठवलं. दुसऱ्याच्या घरचं तळण खायला त्या रीतीत मनाई नव्हती. ताट पोचलं आणि पलीकडून खणखणीत आवाज आला.

"सालूबाय, जाळ कमी कर गं. करंजी तळतेस का इंजिनात कोळसा घालतेस?"

आषाढापासून त्या ओट्यावरून असा आवाज आला नव्हता. सालोमीबाईंच्या जिभेवर याहून तिखट उत्तर तयार होतं. एस्तेर सूप हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

सालोमीबाई खाली वाकल्या आणि चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलं.